हजार व्होल्टांचं सोवळं

डास मारायची रॅकेट हे आपल्याकडचं सर्वांत उपेक्षित उच्चदाब यंत्र असावं. सिग्नलला गाडी थांबली की काचेवर टकटक करून ते विकलं जातं, थोडी घासाघीस केली की दोनशेच्या आतबाहेर मिळतं, आणि त्याच्या जाळीवर हजाराच्या वर व्होल्ट असतात. आत असतं तरी काय? एक लहानशी बॅटरी, एखादा ट्रान्झिस्टर, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड-कपॅसिटरांची दोन-तीन मजल्यांची चढण. ही चढण ग्राइनाखर या स्विस शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास मांडली. तिच्याच जोरावर १९३२ साली कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी केंब्रिजमध्ये लिथियमचं अणुकेंद्र फोडलं आणि १९५१ साली नोबेल पारितोषिक घेतलं. आज तीच युक्ती डासांवर चालते आहे. तेव्हा हजार व्होल्ट तयार करणं ही काही कर्तबगारी राहिलेली नाही, हे आधीच मान्य करून टाकू. तरीही अतिमंद प्रकाश टिपणाऱ्या नळ्यांसाठी हजार व्होल्टांचा सप्लाय बोर्ड करायला बसलेली शहाणीसुरती माणसं त्यात महिनोन् महिने अडकून पडतात. बघणाऱ्यांना कळत नाही की हजार व्होल्टांचं एवढं काय घेऊन बसलेत. बघणाऱ्यांचं बरोबरच आहे. हजाराचं काहीच नाही, सगळी अडचण ९९९ ची आहे.

ती का, हे समजायला नळीचा स्वभाव कळायला हवा. फोटोमल्टिप्लायर ट्यूब, कामावरच्या भाषेत पीएमटी, ही काचेची निर्वात नळी असते. पुढच्या काचेच्या आतल्या लेपावर प्रकाशाचा एक कण पडला की चारांतून एखाद्या वेळी त्यातून एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो पहिल्या डायनोडवर, म्हणजे दाब दिलेल्या धातूच्या पट्टीवर, जाऊन आदळतो आणि तिथून, समजा, चार निघतात. ते पुढच्यावर आदळतात, चाराचे सोळा होतात. असे दहा डायनोड ओळीने लावले की शेवटी एकाचे दहा लाखांवर झालेले असतात. व्याजाचा असा दर कुठल्याच पतपेढीने आजवर दिलेला नाही, आणि ज्यांनी जाहीर केला त्यांचे संचालक सापडत नाहीत. पण प्रत्येक टप्प्यावर एकाचे किती होणार हे त्या टप्प्याच्या व्होल्टांवर ठरतं, आणि टप्पे दहा असल्यामुळे चूकही दहा वेळा गुणली जाते. सगळा हिशोब करता, नळीची वाढ साधारणपणे व्होल्टांच्या सातव्या घाताने बदलते. संध्याकाळी सगळ्या इमारतीचे एसी लागले आणि घरातला दाब दहा टक्के घसरला, तर पंख्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. नळीला दहा टक्के जास्त द्या, ती जवळजवळ दुप्पट बोलू लागते. एक टक्का जास्त द्या, सात टक्के वाढवून सांगते. तिचं बोलणं एका टक्क्याच्या आत खरं राहायला हवं असेल, तर हजारांतले दीड व्होल्टही इकडचे तिकडे होऊन चालत नाहीत. आता लडाखमधल्या हानलेला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभी केलेली ‘मेस’ दुर्बीण घ्या. सुमारे ४३०० मीटर उंची, २१ मीटर व्यासाचा आरसा आणि कॅमेऱ्यात अशा १०८८ नळ्या. अवकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणात शिरला की काही नॅनोसेकंद टिकणारी निळसर चमक उठते. ती किती तेजस्वी होती यावरून किरणाची ऊर्जा काढायची. म्हणजे सगळी भिस्त नळीने अतिशयोक्ती न करण्यावर आहे, आणि नळीचा तर सगळा धंदाच अतिशयोक्तीचा. एकाचे दहा लाख करून सांगणाऱ्याने ते रोज नेमके तेवढेच करून सांगावेत, ही अपेक्षा पुरी करायची जबाबदारी तिच्या सप्लायवर येते.

शक्ती म्हणाल तर अगदीच किरकोळ लागते. नळीच्या बुडाशी असलेली रेझिस्टरांची साखळी हजार व्होल्टांना जेमतेम ०.३ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे एक तृतीयांश वॅटही नाही. आपल्याकडचा जुना ‘झिरोचा बल्ब’ नावाला झिरो असून पंधरा वॅट खायचा, तेवढ्यात चाळीस-पंचेचाळीस नळ्या सुखाने नांदतील. खरी गोम अशी की दाब स्थिर ठेवायचा तर बोर्डाला स्वतःचा दाब मोजता आला पाहिजे, आणि हजार व्होल्ट थेट मोजायची ऐपत कुठल्याच साध्या ऑप-अँपमध्ये नाही. त्याला दोन-अडीच व्होल्टांची भाषा कळते. म्हणून वर एक गीगाओहमचा, म्हणजे शंभर कोटी ओहमचा रेझिस्टर आणि खाली अडीच मेगाओहमचा अशी जोडी लावून हजाराचे अडीच करतात, आणि ते अडीच एका पक्क्या संदर्भाशी ताडून पाहतात. वाढले तर दाब कमी कर, घटले तर वाढव. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की पहिल्या वर्षाच्या परीक्षेत सहा मार्कांना विचारतात. पण त्या गीगाओहममधून वाहणारा प्रवाह असतो एक मायक्रोअँपिअर. आता कुणीतरी बोर्ड उचलताना त्या रेझिस्टरवर अंगठा टेकवला असं धरा. अंगठ्याचा घाम म्हणजे मीठ आणि पाणी. त्या ठशातून शंभर गीगाओहमची एक चोरवाट तयार झाली, तर एरवी ज्याला आपण उत्तम इन्सुलेटर म्हटलं असतं अशा त्या वाटेने एक टक्का जास्त प्रवाह मोजणीच्या टोकाला पोचतो. बोर्डाला वाटतं दाब वाढला. तो तत्परतेने आणि पूर्ण प्रामाणिकपणे दाब उतरवून ९९० वर आणतो. नळी सात टक्के कमी बोलू लागते. आणि पुढच्या पॅनलवरचा आकडा काय दाखवतो? १०००! कारण तोही त्याच टोकावरून वाचत असतो. चौकशी समितीने आरोपीच्याच खोलीत बसून अहवाल लिहावा, तसलाच हा कारभार.

यातूनच त्या बोर्डाभोवतीचं सोवळं जन्माला येतं. माजघरातल्या आजीच्या सोवळ्याला हसत हसत दोन-दोन पदव्या घेतलेले इंजिनिअर इथे येऊन ते तिच्याहून कडक पाळतात. सोल्डरिंग झालं की बोर्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश लावून न्हाऊ घालायचं, कारण राहिलेला फ्लक्स ओल धरतो. मग भट्टीत मंद आचेवर वाळवायचा. एकदा न्हाऊ घातला की उघड्या हाताने शिवायचं नाही, शिवलाच तर पुन्हा अंघोळ. उच्च दाबाच्या आणि नाजूक टोकाच्या मध्ये बोर्डाला आरपार चीर पाडायची, म्हणजे पृष्ठभागावरून सरपटत येणाऱ्या प्रवाहाला वाटच उरत नाही. नाजूक टोकाभोवती तांब्याचं एक कडं काढायचं आणि त्याला त्या टोकाइतकाच दाब द्यायचा, म्हणजे बाहेरून येणारी गळती कड्यावरच अडते. शेवटी वरून लेप द्यायचा. मुंबईत आणि कोकणात हे सगळं जून ते सप्टेंबर जास्तच मनावर घ्यावं लागतं. मे महिन्यात पहिल्या वर्गात पास झालेला बोर्ड जुलैत नापास होतो आणि दिवाळीला आपोआप सुधारतो. मग त्याच्यावर कुणी इलाज केला होता त्याला विनाकारण श्रेय मिळतं. आजीच्या आणि या सोवळ्यात फरक असलाच तर एक आहे. इथे विटाळ किती झाला ते टक्क्यांत सांगता येतं, आणि सांगता येतं म्हणूनच ते पाळणं शहाणपणाचं. कुणी म्हणेल, एवढा नखरेल रेझिस्टर हवाच कशाला? गीगाओहमऐवजी दहा मेगाओहमचा लावा, त्याच्यापुढे ठसा-बिसा कुठल्या कुठे. ठसा हरेल, हे खरं. पण दहा मेगाओहममध्ये हजार व्होल्टांना एक दशांश वॅट जळतो, म्हणजे नळीला लागणाऱ्या शक्तीचा तिसरा हिस्सा नुसत्या मोजणीत खर्च. शिवाय जळतो तिथे तापतं, आणि तापलं की रेझिस्टरची किंमत सरकते. म्हणजे ठशाच्या चुकीच्या जागी तापमानाची चूक आली. शंभर मेगाओहमला घाम आणि उष्णता दोन्ही थोडी थोडी सोसतात, म्हणून बरेच जण तिथे तडजोड करतात. मला ती तडजोड पटते. पण तिच्यातही बोर्ड धुवावा लागतोच.

बोर्डावरच्या तारांमधल्या अंतराचा विषय निघाला की सोवळ्याला शास्त्राधार शोधावा लागतो, आणि शास्त्रं एकाहून जास्त आहेत. छापील सर्किटांसाठीचं आयपीसी-२२२१ हे प्रमाण सांगतं की हजार व्होल्टांच्या दोन उघड्या तारांमध्ये पाच मिलिमीटर सोडा. हे समुद्रसपाटीपासून ३०५० मीटरपर्यंत. त्याच्या वर गेलात तर पंचवीस सोडा. म्हणजे डोंगर चढता चढता ३०५१ व्या मीटरला पाऊल टाकलं की बोर्ड एका दमात वीस मिलिमीटर रुंदावला पाहिजे. दुसरीकडे आयईसी-६०६६४ हे प्रमाण ४००० मीटरला हवेतलं अंतर फक्त १.२९ पट करा म्हणतं. दोघांचा हेतू एकच आहे. हवा विरळ झाली की ठिणगीला उडी मारणं सोपं जातं, हे पाशेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं. मात्र एकाला त्यासाठी तीस टक्क्यांच्या आत वाढ पुरते, दुसऱ्याला पाचपट लागते. एकाच मुहूर्तासाठी दोन पंचांगं काढून बसल्यावर जे होतं ते इथेही होतं, म्हणजे ज्याला जे सोयीचं ते तो मानतो. माझं मत विचाराल तर आयपीसीची ती उडी घाबरट आहे, आणि उघड्या तारा डोंगरावर न्यायचा हट्ट हा त्याहून मोठा मूर्खपणा आहे. नीट लेप दिला तर तेच प्रमाण अडीच मिलिमीटरच्या आत समाधान मानतं. वाद तिथे मिटतो.

सुट्या भागांचे स्वभाव हे वेगळंच प्रकरण. १२०६ मापाचा नेहमीचा चिप रेझिस्टर दोनशे व्होल्टांच्या वर घेत नाही, म्हणून हजारासाठी पाच-सहा जणांची रांग लावावी लागते. त्यातून उच्च किमतीच्या रेझिस्टरांची किंमत दाबाप्रमाणेही किंचित बदलते. दहा व्होल्टांना मोजलेला गीगाओहम हजार व्होल्टांना तोच राहत नाही. चिनी मातीचे एक्स-सात-आर जातीचे कपॅसिटर तर दाब वाढला की क्षमता कमी करतात. कित्येक कचेऱ्यांत हाच नियम लागू असल्यामुळे तो समजावून सांगावा लागत नाही. दाबाखाली असताना त्यांच्यावर टकटक केली तर ते उलट थोडे व्होल्टही सोडतात, म्हणजे पंखा जोरात फिरला तरी नळीला प्रकाश दिसल्याचा भास व्हायचा. रिपलचं, म्हणजे स्थिर दाबावर उरणाऱ्या बारीक लहरींचं, थोडक्यात सांगून पुढे जाऊ. हे हजार व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणाऱ्या स्विचातून जन्मतात, आणि त्यांना दोन-चार मिलिव्होल्टांच्या आत गप्प राहायचं असतं. म्हणून जाणते लोक धडाधड उघडझाप टाळून साइन लहरीचा मऊ चालणारा ऑसिलेटर घेतात, आणि पुढे दोन-तीन फिल्टर लावूनही त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत व्यवहारी आक्षेप असा की बाजारात तयार मॉड्यूल मिळतं, पाच-बारा व्होल्ट द्या, हजार घ्या, कशाला हा उपद्व्याप? दोन-चार नळ्या असतील तर मी म्हणेन खुशाल विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. पण माझ्या मुद्द्याला त्याने धक्का लागत नाही. त्या डबीत कुणीतरी तुमच्यासाठी धुतलंय, वाळवलंय, लेप दिलाय आणि किंमत लावलीय. तुम्ही सोवळं विकत घेतलंत इतकंच. आणि ती डबी तुमच्याच बोर्डावर बसणार, तुमच्याच कनेक्टरमधून जाणार, तुमच्याच अंगठ्याच्या टप्प्यात राहणार. नळ्या हजार असतील तर हजार डब्यांचं बिल पाहिल्यावर खरेदी विभागाला स्वदेशीचा पुळका आपोआप येतो. दुसरा आक्षेप जरा जास्त विचारी आहे. कशाला एवढी स्थिरता, नुसते कण मोजायचे असतील तर नळी दाबाच्या अशा पट्ट्यात चालवता येते की दहा-वीस व्होल्ट सरकले तरी मोजणी फारशी बदलत नाही. हे अगदी खरं आहे, आणि तसं काम असेल तर यातलं निम्मं सोवळं सोडून द्यावं. पण किती कण आले एवढं सोडून प्रत्येकाने किती ऊर्जा आणली हे विचारलंत की तो सपाट पट्टा उपयोगाचा राहत नाही.

तिसरा आक्षेप संगणकवाल्यांचा. दाब सरकू दे, आम्ही नंतर आकडे दुरुस्त करू. सावकाश, दिवसभरात होणारं सरकणं खरंच असं दुरुस्त करता येतं, मधूनमधून ठरावीक तेजाचा एलईडी चमकवून नळी काय म्हणते ते टिपून ठेवायचं, एवढंच. पण दुरुस्तीसाठी दाब किती सरकला ते कळायला हवं. ते एलईडीवरून काढलं तर एलईडी तरी स्थिर आहे याची खात्री कोण देणार? आणि दाब मोजून काढलं तर पुन्हा तोच गीगाओहम, तोच अंगठा. शिवाय काही घटना दुसऱ्यांदा येत नाहीत. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या मॅगेलानिक मेघातल्या ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो जपानमधल्या कामिओकांडे प्रयोगाच्या पाण्यातून गेले. दीड लाखाहून जास्त वर्षांचा प्रवास करून आलेल्या त्या लाटेतले ११ न्यूट्रिनो पंधरा सेकंदांच्या आत नळ्यांना दिसले, आणि त्या कामासाठी प्रयोगाचे प्रमुख कोशिबा यांना २००२ साली नोबेल मिळालं. त्या पंधरा सेकंदांत सप्लाय डुलत असता तर ताऱ्याला पुन्हा एकदा फुटायची विनंती करता आली नसती.

चौथा आक्षेप तरुणांचा, आणि तो सर्वांत दमदार आहे. आता काचेच्या नळ्या कशाला, सिलिकॉनचे फोटोमल्टिप्लायर आले आहेत, ते तीस ते साठ व्होल्टांवर चालतात. ला पाल्मा बेटावरच्या ‘फॅक्ट’ दुर्बिणीने २०११ पासून अशा १४४० डोळ्यांनी आकाश पाहिलं, तेही चांदणं असताना. चांदण्यात काचेच्या नळ्यांना जपून वागवावं लागतं. हजार गेले, ठिणग्या गेल्या, अंतरं गेली. सोवळंही गेलं म्हणायचं का? नाही. या सिलिकॉनच्या तुकड्याचा एक ठरावीक उंबरठा असतो, आणि त्याच्या वर जे दोन-तीन व्होल्ट दिले जातात तेवढ्यांवरच त्याची वाढ ठरते. उंबरठा तापमानाबरोबर सरकतो, प्रत्येक अंशाला जातीप्रमाणे वीस ते साठ मिलिव्होल्ट. चोपन्न धरा. वरचे व्होल्ट तीन असतील आणि तापमान दहा अंशांनी बदललं, तर त्या तिनांतला अर्ध्या व्होल्टाहून जास्त भाग हलला, म्हणजे वाढ अठरा टक्के बदलली. म्हणून इथे सप्लायने नुसतं स्थिर राहून भागत नाही. तापमान पाहून तेवढंच, त्याच दिशेने आणि वेळेवर सरकायचं. नळीला हवा होता तो न हलणारा सप्लाय होता, सिलिकॉनला हवामान खात्याच्या आज्ञेत राहणारा हवा. काम सोपं झालं असं मानणाऱ्यांनी त्याचं थर्मामीटर बोर्डाच्या कुठल्या कोपऱ्यात लावायचं यावर झालेली एखादी चर्चा ऐकावी.

तेव्हा असा बोर्ड करणाऱ्यांना आणि विकत घेणाऱ्यांना एक विनंती. कमाल किती व्होल्ट मिळतात हे विचारण्यात वेळ घालवू नका, ते सगळेच देतात. एक अंश तापमान बदललं तर किती सरकतो ते विचारा. उत्तर ‘दहा लाखांत शंभर’ असं आलं, तर वीस अंशांच्या फरकाला हजारांत दोन व्होल्ट सरकले आणि नळी दीड टक्का खोटं बोलली, हा हिशोब विक्रेत्यासमोरच करा. चालू केल्यावर किती वेळाने स्थिर होतो, आठ तासांत किती भटकतो, रिपल किती मिलिव्होल्ट आणि तो कुठल्या भारावर मोजला, हे लेखी घ्या. नळीला उघडा प्रकाश लागण्याआधी दाब आपोआप उतरतो का तेही पाहा, कारण दाब असताना दिवा लावला तर नळी कायमची आंधळी होऊ शकते. आणि स्विच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणारा रेझिस्टर बोर्डावर आहे का ते स्वतः शोधा. नसेल, तर डबा उघडू नका आणि पैसेही देऊ नका.